उंदराने खाल्लेला शंकरपट

माझ्या संग्रहाला कुणी छंद म्हटलं की मला राग येतो. यवतमाळच्या माझ्या घराचा वरचा अख्खा मजला जुन्या यंत्रांनी भरलेला आहे. टीव्हीला जोडायचे गेम, त्यांच्या पिवळ्या आणि काळ्या जाड कॅसेटी, एके काळी हौशी लोक घरी वापरत ते छोटे कॉम्प्युटर, त्यांना प्रोग्राम वाचून दाखवणारे टेपरेकॉर्डर, आणि हे सगळं ज्यांच्यावर दिसतं ते फुगीर काचेचे टीव्ही. साठेक यंत्रं असतील, आणि त्यातली पाच सोडली तर सगळी चालतात. हे शेवटचं वाक्य मी घरी येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवते. जावई म्हणतात, आई, थोडी फुशारकी कमी करा. मी करत नाही. पिवळं पडलेलं प्लास्टिक, फुगलेले कपॅसिटर, चिकट झालेली बटणं यांच्याशी मी आयुष्यभर झुंजले आहे, आणि आता गुडघे कुरकुरत असताना जिना चढून मी रोज एक यंत्र लावून बघते. माणसांसारखंच असतं ते, बसवून ठेवलं की आखडतं. फुशारकीचा हक्क मी कमावला आहे असं मला वाटतं. पण या सगळ्याची सुरुवात माझ्या शहाणपणाने झाली नाही, चुकीने झाली, आणि ती चूक इथे लिहून ठेवल्याशिवाय पुढचं काही सांगणं बरोबर होणार नाही.

बाभुळगावला बस स्टँडच्या मागच्या गल्लीत बाबांचं दुरुस्तीचं दुकान होतं आणि दुकानाच्या पाठीला पाठ लावून आमचं तीन खोल्यांचं घर. बाबा रेडिओ, टेप, टीव्ही, फवारणीचे पंप, पिठाच्या गिरणीचं स्टार्टर, काय म्हणाल ते दुरुस्त करत. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीचे भोंगेसुद्धा त्यांच्याच हातचे, आणि त्या दिवशी आवाज जरा जरी फाटला तरी ते भर मिरवणुकीत खांबावर चढत. त्यांची एक पद्धत होती, ती मी दुसऱ्या कुठल्याच दुकानात पाहिली नाही. वस्तू दुरुस्त झाली की आतला जळालेला किंवा बदललेला भाग ते कागदाच्या पुडीत बांधून गिऱ्हाइकाच्या हातात देत. ‘‘हे तुमचं. हे काढलं, त्याच्या जागी नवीन बसवलं,’’ असं सांगत. लोक हसत, बाहेर जाऊन पुडी गटारात टाकत. बाबांना त्याचं काही वाटत नसे. सांगणं आपलं काम, असं ते म्हणत.

ती कापसाच्या पडत्या भावाची वर्षं होती. त्याचं मोठं कारण तेव्हा मला कळत नव्हतं. दुकानात मात्र ते रोज दिसत होतं. दुरुस्तीला आलेली वस्तू न्यायला माणूस फिरकत नव्हता. फवारणीचा पंप तेवढा लगेच नेत, बाकीचं ‘राहू द्या सध्या’ म्हणून राहून जाई. त्यात टीव्हीवरचे गेम पुष्कळ होते. चांगल्या हंगामात पोरांनी हट्टाने घ्यायला लावलेले, आणि आता एखादी वायर तुटली म्हणून इथे येऊन पडलेले. बाबा न नेलेली वस्तू कधी विकत नसत. मालकाच्या नावाची चिठ्ठी चिकटवून फळीवर ठेवत. फळ्या भरल्या तसं ते घरात आलं, आणि घरात आलं ते माझ्या ताब्यात आलं. यवतमाळचे रशीदचाचा भंगाराची गाडी घेऊन महिन्यातून एकदा आमच्या गल्लीत येत, त्यांनाही माझी खोड कळली होती. ‘‘बेटी, हे पाह्य. तोडाले जी नाही झाला,’’ असं म्हणून ते एखादा मुका गेम माझ्या पुढ्यात ठेवत आणि चहा पिऊन जात. अकरावीत असताना माझ्या खाटेखाली नऊ यंत्रं होती, आणि मायची एक पेटी त्यांच्यासाठी बाहेर अंगणात गेली होती.

त्या घराचे आवाज अजून माझ्या कानात आहेत. दुकानातून सोल्डरचा चुर्र आवाज, मागे मायच्या भाकरी थापण्याचा, मध्येच स्टँडवर कंडक्टरची घंटी. हिवाळ्यात तुरीच्या ओल्या दाण्यांची आमटी चुलीवर खदखदे आणि तिचा वास थेट दुकानात जाई, मग गिऱ्हाईक असलं तरी बाबा उठून येत. सोल्डरचा धूर आणि लसणाची फोडणी असा मिसळलेला वास आजही कुठे आला तर मला भूक लागते. माय फार बोलत नसे. राळेगावकडच्या एका खेड्यातली ती, बापाच्या घरी बैल हाकत वाढली होती. आमच्या घरी बैल नव्हते, शेतही नव्हतं, आणि यंत्रांशी आपलं काही घेणंदेणं नाही असं ती दाखवत असे.

याच घरात एक दिवस गुल्हाने सर आले. राळेगावच्या शाळेतून निवृत्त होऊन ते आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे राहायला आले होते. गणिताचे मास्तर, पांढरा शर्ट, खिशाला दोन पेन. त्यांच्या हातात उशीच्या खोळीत गुंडाळलेला एक काळा चपटा डबा होता. पाटीपेक्षा थोडा मोठा, त्यावर राखाडी रबराची बटणं. विलायतेला गेलेल्या मावसभावाने बऱ्याच वर्षांपूर्वी पाठवलेला हा कॉम्प्युटर होता. त्याला स्वतःचा पडदा नव्हता, स्वतःची आठवणही नव्हती. टीव्ही लावायचा, टेपरेकॉर्डर जोडायचा, कॅसेट सुरू करायची, की ती किंचाळत किंचाळत त्याला प्रोग्राम शिकवी, आणि वीज गेली की तो सगळं विसरून जाई. बाबांनी त्याचा जळालेला अडॅप्टर बदलला, जुना पुडीत बांधून दिला, आणि सरांनी ती पुडी उघडून, भाग उलटसुलट करून नीट पाहिली. असं करणारं ते पहिलंच गिऱ्हाईक होतं. बाबांनी त्यांना आत जेवायला बोलावलं.

सरांनी त्या यंत्रावर स्वतः एक गेम बनवला होता. राळेगावच्या शाळेतल्या पोरांसाठी, सुट्ट्यांमध्ये बसून, एकट्याने. शंकरपट. आमच्याकडे बैलजोड्यांच्या शर्यतीला शंकरपट म्हणतात. पडद्यावर सरळ पट्टी आखलेली, दोन जोड्या, मागे उभा हाकणारा, बटण दाबलं की चाबूक, आणि बैलांच्या खुरांचा टक टक टक असा आवाज. काळ्यापांढऱ्या चौकोनांचे बैल होते ते, पण त्यांची शिंगं आमच्याकडच्या बैलांची होती. बाहेरून आलेल्या सगळ्या गेममध्ये बंदुका, कासवं आणि मोटारी असत. आमच्या मातीतली वस्तू टीव्हीवर पळताना मी पहिल्यांदाच पाहिली. त्या दिवसापासून मी दर रविवारी सरांकडे जाऊ लागले आणि त्यांनी मला त्या यंत्राची भाषा शिकवली. गेम तीन तुकड्यांत एकाच कॅसेटवर होता: आधी मैदान, मग बैल, मग शर्यतीचे नियम. दुसरी प्रत नव्हती. करू, करू, म्हणत ते राहून गेलं होतं. आता मी प्रत्येक गोष्टीच्या तीन प्रती ठेवते, तिसरी तर बहिणीच्या घरी.

सरांचा एक नियम होता. कॅसेट ठेवताना ती पूर्ण मागे गुंडाळायची. सुरुवातीला थोडी कोरी पट्टी असते, कॅसेटच्या तोंडाशी तीच उघडी राहते. काही इजा झाली तर तिला होते, आतल्या मजकुराला नाही. ‘‘दहा सेकंदांचं काम आहे, उत्पला,’’ ते म्हणत, ‘‘पण दर वेळी करायचं.’’ आणि मी दर वेळी करत होते.

दिवाळीनंतर सरांची नजर एकदम उतरली. नागपूरला मुलाकडे राहून उपचार करायचे ठरलं. जाताना त्यांनी यंत्र आणि कॅसेट माझ्या हातात दिली. ‘‘सांभाळ. मी आलो की आपण शंकरपट खेळू. दिसलं तर बघेन, नाही तर ऐकेन.’’ त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता.

आठवडाभराने मामाचा कापूस आमच्याकडे आला. भाव चढेल या आशेवर त्या वर्षी सगळ्यांनीच कापूस घरात भरून ठेवला होता, आणि मामाच्या घराचं छप्पर गळकं म्हणून त्याने आमची मधली खोली मागितली होती. मेटॅडोर दारात उभी राहिली तेव्हा मी त्याच खोलीत शंकरपट लावून बसले होते. तिसरा तुकडा अर्धा वाचून झाला होता. मामाने बाहेरून हाक मारली, मायने आतून मारली, मी वायर उपटली, कॅसेट काढली तशीच बाजूला टाकली आणि खोली रिकामी करायला धावले. तासाभरात ती खोली पार छपरापर्यंत पांढरी झाली. आता यंत्र ठेवायचं कुठे? खाटेखाली जागा नव्हती, दुकानात धूळ आणि फवारणीच्या औषधाचा वास. मी त्या ढिगाकडे पाहिलं आणि मला माझ्या अकलेचं फार कौतुक वाटलं. काचेचं सामान लोक कापसातच तर ठेवतात. मी कोपऱ्यात हात घालून खोल भोक केलं, सरांचं यंत्र खोळीसकट आत ठेवलं, शेजारी टेपरेकॉर्डरला जोडायची वायर आणि कॅसेट ठेवली आणि वरून कापूस दाबला. कुणाला विचारलं नाही. मायला विचारायचं तर मुळीच सुचलं नाही, कारण यंत्राचा विषय तिचा नव्हता.

पुढे अडीच महिने आम्ही सगळे खाजवत होतो. घरात कापूस असला की बारीक किडे अंगभर फिरतात. भाव काही चढला नाही, आणि शेवटी मामा कंटाळून कापूस न्यायला आला. बोदऱ्यांत, म्हणजे कापसाच्या मोठ्या पोत्यांत, भरता भरता तो कोपऱ्यापर्यंत पोहोचला आणि ओरडला, ‘‘काय ठिवलं हो इथं?’’ खोळ कुरतडलेली होती. टेपरेकॉर्डरची वायर दोन ठिकाणी उघडी पडली होती. आणि कॅसेटच्या तोंडाशी, जिथे कोरी पट्टी असायला हवी होती तिथे, तिसऱ्या तुकड्याची तपकिरी पट्टी कुरतडून तिच्या झिरमिळ्या झाल्या होत्या. बाजूला सरकीची टरफलं पडली होती.

माय दारात उभी होती. ‘‘सरकीसकट कापूस हाय तो, बाई,’’ ती म्हणाली. ‘‘सरकीले उंदीर येतेच. मले विचारलं असतं तर सांगतलं असतं.’’

ती रागावली नाही, त्याचंच मला जास्त लागलं. शहरातल्या लोकांचा कापूस पिंजलेला, सरकी काढलेला असतो. आमचा कापूस म्हणजे उंदरांची भरलेली कोठी असते, हे आमच्या गल्लीतल्या कुठल्याही बाईला ठाऊक होतं, फक्त अकरावी सायन्सच्या हुशार पोरीला नव्हतं. मी पोटभर रडले. तरी मला हेही माहीत होतं की उंदराचा दोष अर्धाच. कॅसेट मागे गुंडाळली असती तर त्याने कोरी पट्टी खाल्ली असती.

बाबांनी वायर बदलली. यंत्र सुरू झालं. कॅसेट उघडून त्यांनी झिरमिळ्या कात्रीने कापल्या आणि दोन्ही टोकं मागून चिकटपट्टीने जोडली; मध्ये दोन बोटं रुंदीची पट्टी कायमची गेली. आम्ही लावून पाहिलं. मैदान आलं, बैल आले. तिसरा तुकडा जोडाशी येताच यंत्राने कॅसेट वाचता येत नसल्याचं इंग्रजीत कळवलं आणि थांबलं. दहा वेळा लावलं, दहाही वेळा तिथेच थांबलं. त्याच आठवड्यात सरांचं पत्र आलं, मुलाच्या अक्षरात. नजर आता येणार नाही. बाभुळगावचं घर सोडून कायमचं नागपूरला जायचं आहे. सामान हलवायला महिनाभराने येतील, तेव्हा एकदा शंकरपट ऐकवायचा.

बाबांनी पत्र वाचलं आणि माझ्याकडे पाहिलं. ‘‘सरायले सांगजो,’’ एवढंच म्हणाले.

‘‘सांगतो,’’ मी म्हणाले. आमच्याकडे मुलीही करतो, सांगतो असंच म्हणतात. पण पत्राच्या उत्तरात मी लिहिलं की सगळं सुखरूप आहे. डोळे गेलेल्या माणसाला हेही गेलं म्हणून कसं कळवू? मी मनाशी ठरवलं, महिन्याभरात तिसरा तुकडा मी स्वतः लिहीन, सर ऐकतील, खूश होऊन जातील, त्यांना कळणारही नाही. आज मला त्या पोरीची दयाही येते आणि तिच्या हिमतीचं कौतुकही वाटतं.

कॉलेजातून आले की मी यंत्रापुढे बसे. खरी अडचण विजेची होती. लोडशेडिंगचं वेळापत्रक कागदावर असे, लाईन मात्र आपल्या मर्जीने जाई, आणि गेली की टाईप केलेलं सगळं पुसलं जाई. दोनदा असं झाल्यावर बाबांनी दुकानातली जुनी मोठी बॅटरी आत आणली आणि यंत्र, टेपरेकॉर्डर आणि छोटा ब्लॅक अँड व्हाईट टीव्ही तिच्यावर जोडून दिला. शर्यतीचे नियम मी आठवून लिहिले. खेळलेली तर शेकडो वेळा होते. चाबूक मारला की वेग वाढतो, जितके जास्त तितका जास्त. दहा दिवसांत माझे बैल पळू लागले आणि मला वाटलं, जिंकलो.

माय शेजारी तांदूळ निवडत बसली होती. तिने पहिल्यांदाच मान वर करून पडद्याकडे नीट पाहिलं. ‘‘काय करून राह्यली तू त्यायले?’’

‘‘चाबूक मारून राह्यलो. मारला का पळते.’’

‘‘असं कुठं असते? एकदा मारलं, पळंन. दुसऱ्यांदा पळंन. तिसऱ्यांदा मारलं का बैल बिथरते, जोडीदाराले ओढते, पट्टी सोडते. मंग तो कोनाचाच नसते.’’ तिने सूप खाली ठेवलं. ‘‘बैल आवाजानं पळते. माया बापानं पटात कधी चाबूक नाई उचलला. नुसता हुर्र करे, अन् तोही कवा कराचा थे त्याले बराबर समजे.’’

मी सरांचा गेम तसा नव्हता म्हणून सांगितलं. ‘‘सरांनी बैल हाकला नसन,’’ ती शांतपणे म्हणाली आणि पुन्हा तांदूळ निवडू लागली. दुसऱ्या दिवशी मी तिसरा तुकडा पुसून पहिल्यापासून लिहायला घेतला, आणि या वेळी मायला शेजारी बसवलं. एक बटण चाबकाचं, दुसरं आवाजाचं. आवाज वेळेवर दिला तर वेग चढतो, उगाच दिला तर बैल लक्ष देत नाही. तिसऱ्या चाबकाला जोडी पट्टी सोडते. माय सांगे, मी लिही, चालवून दाखवी, ती मान हलवी, ‘‘एवढ्या लवकर नाई बिथरत.’’ मग मी पुन्हा लिही. चुलीवरची भाजी दोनदा करपली आणि बाबांनी मुकाट्याने ठेचा-भाकर खाल्ली. माझ्या आयुष्यात पुढे मी मोठ्या कंपन्यांत, मोठ्या पगाराच्या माणसांबरोबर प्रोग्राम लिहिले. मायइतकं नेमकं सांगणारं कुणी भेटलं नाही, हे मी शपथेवर सांगायला तयार आहे.

सर आले ते मुलाचा हात धरून. गल्लीच्या तोंडाशी सामान भरलेला टेम्पो उभा होता. त्यांना टीव्हीपुढे खुर्चीवर बसवलं. मायने चहा दिला, कपाचा कान त्यांच्या बोटाला लावून दिला. मी नव्या कॅसेटवर तिन्ही तुकडे उतरवून ठेवले होते. ती घातली आणि बटण दाबलं. ती ओळखीची लांब शिट्टी, मग खरखर. सरांच्या चेहऱ्यावर हसू आलं. पहिला तुकडा झाला, दुसरा झाला. तिसरा सुरू झाला आणि मी पाहिलं की सरांची बोटं गुडघ्यावर हलत आहेत. ते मोजत होते.

खरखर थांबली. सर म्हणाले, ‘‘माझा तिसरा तुकडा चाळीस मोजेपर्यंत संपतो. इतकी वर्षं मोजत आलो. हा बासष्टला संपला.’’

बाबा दुकानातून उठून दारात येऊन उभे राहिले होते. मी सगळं सांगितलं. मेटॅडोर, उपटलेली वायर, न गुंडाळलेली कॅसेट, कापसातलं भोक, उंदीर, आणि पत्रात लिहिलेलं खोटं. सांगताना मी रडले नाही. रडले असते तर त्यांनी मला लगेच माफ केलं असतं, आणि मला ते तसं नको होतं. सरांचा मुलगा म्हणाला, ‘‘बाबा, जाऊ द्या, आपल्याला उशीर होतोय.’’ सरांनी हात वर करून त्याला थांबवलं.

‘‘बावीस जास्तीचे कशाचे?’’ त्यांनी विचारलं.

‘‘मायनं सांगितले ते नियम आहेत, सर.’’

‘‘मग चालव. आणि कुणी तरी मला सांगा काय होतंय ते.’’

मी बटणांवर बोटं ठेवली. सांगायला कुणी पुढे होईना, आणि मग माय बोलू लागली. आधी हळू, डोक्यावरचा पदर नीट करत. ‘‘दोन जोड्या उभ्या हायेत, सर. आपली इकडची. सुटली. बराबर चालून राह्यली. पलीकडच्यानं मारला चाबूक, पुढं गेला तो.’’ मग तिचा आवाज चढत गेला. ‘‘पुन्हा मारला. जाऊ द्या त्याले. उत्पला, थांब, आता नको, आता नको, हां, आता दे आवाज. उचलली, सर, आपली जोडी उचलली. त्यानं तिसरा मारला पाहा. गेला, पट्टी सोडली त्यानं, गेला वावरात.’’ खुरांची टकटक एकदम जलद झाली. सर खुर्चीच्या कडेला आले होते, मान किंचित वाकडी करून, आणि मायच्या आवाजाबरोबर त्यांचा हात हवेत दोरी धरल्यासारखा मागेपुढे होत होता. शर्यत संपली तेव्हा माय धापा टाकत होती. माझ्या मायला इतकं बोलताना मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं, आणि अभिमानाने माझी छाती भरून आली होती.

सर बराच वेळ हसत होते. ‘‘मी गणित केलं,’’ ते म्हणाले, ‘‘जितके चाबूक, तितका वेग. एवढी वर्षं पोरांना चुकीचा बैल शिकवला.’’ मग माझ्याकडे तोंड करून म्हणाले, ‘‘ती जुनी कॅसेट फेकून दे आता. कुरतडलेली वस्तू कशाला ठेवायची?’’

‘‘नाई फेकत, सर.’’

मास्तरांना नाही म्हणण्याची माझी ती पहिलीच वेळ. त्यांनी भुवया उंचावल्या. मी म्हणाले, ती तुमची आहे, तुटलेली आहे, आणि तशीच राहील. नवी तिच्या जागी नाही, तिच्या शेजारी राहील. आज शाळेच्या पोरांसमोर मी जुन्या वस्तू जतन करण्यावर तासभर बोलते, पण मला जे काही कळलं ते त्या एका उत्तरात सगळं आलं होतं. ‘‘मग नावं घाल,’’ ते म्हणाले. ‘‘सुरुवातीला नुसतं माझं नाव येतं ना? ते आता खोटं आहे. वहिनी, तुमचं नाव काय?’’

माय गोंधळली. आमच्या गल्लीत तिला सगळे उत्पलाची माय म्हणत. बाबांनी दारातून सांगितलं, ‘‘कौसल्या.’’

मी तिथेच टाईप केलं. गुल्हाने. कौसल्या. उत्पला. सर म्हणाले, ‘‘उंदराचंही घाल. खरं सांगायचं तर सगळंच सांग.’’ त्यांचा मुलगाही तेव्हा हसला. चार नावांनिशी मी तिसरा तुकडा पुन्हा कॅसेटवर उतरवला, सरांनी तो शेवटपर्यंत मोजत ऐकला, कॅसेट मागे गुंडाळायला लावली, गुंडाळल्याचा आवाज ऐकला, आणि मुलाचा हात धरून टेम्पोकडे गेले. मी गल्लीच्या टोकापर्यंत गेले. ते मागे वळले नाहीत. हात मात्र वर केला.

परत आले तर माय अजून टीव्हीपुढेच बसलेली होती. पडद्यावर ती चार नावं तशीच होती, इंग्रजी अक्षरांत, कारण त्या यंत्राला आपली अक्षरं येत नव्हती, आणि मायला इंग्रजी येत नव्हती. मी खाली बसले आणि दुसऱ्या ओळीवर बोट ठेवलं. ‘‘हे तू.’’

‘‘एवढं सगळं मी?’’

मी एकेक अक्षर वाचून दाखवलं. तिने काचेवरून बोट फिरवलं, पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत. मी बंद करायला हात पुढे केला तेव्हा ती म्हणाली, ‘‘राहू दे जरासं.’’ बॅटरी उतरून पडदा आपोआप विझेपर्यंत आम्ही तिथेच बसून होतो.